दीनाबाईंचं दार

दीनाबाईंनी पनवेलचं घर रिकामं केलं त्या दिवशी टेम्पोत एक कपाट, दोन खाटा, संडे स्कूलची सतरंजी, भांड्यांची पोती आणि एक दार एवढं सामान होतं. दार म्हणजे खरंखुरं दार. सागवानी, हिरवा रंग उडालेला, कडीसकट. टेम्पोवाला वैतागला. म्हणाला, "मावशी, कामोठ्याच्या घराला दार नाहीये का?"

"आहे की रे," दीनाबाई म्हणाल्या, "पण ते अनोळखी आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "चढव गपचूप. दार असो नाहीतर हत्ती असो, तुला काय करायचंय?" माझी जीभ आधीपासूनच अशी. पण त्या दिवशी मी मुद्दाम खेकसले, कारण जरा मऊ बोलले असते तर रडले असते.

ते दार माझ्या दाराच्या बरोब्बर समोर होतं. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की ते, रात्री कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवताना ते. दीनाबाईंबद्दल सांगायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी रिबेका. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भाऊ इस्राएलला गेला, बहीण गेली, पुढे लेकही तिकडेच गेली. विम्याच्या ऑफिसातली नोकरी आणि माझा हेकटपणा, या दोन गोष्टींपायी मी मात्र पनवेल सोडलं नाही. तळ्याजवळची आमची जुनी चार मजली बिल्डिंग, वरच्या मजल्यावर दोनच घरं. माझ्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शास्त्रातलं वचन आत घातलेली छोटी नळी. समोर दीनाबाईंच्या चौकटीवर लाकडी क्रूस. जिना चढून येणारा पाव्हणा दोन्हीकडे बघून आधी गोंधळायचा.

त्यांच्या मंडळीचं चर्च म्हणजे बाजारातल्या एका दुकानावरचा भाड्याचा हॉल. मोठ्यांचीच उपासना तिथे कशीबशी व्हायची, पोरांना जागा कुठली? म्हणून संडे स्कूल दीनाबाईंच्या बाहेरच्या खोलीत भरायचं. कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनी, कुठून कुठून आया पोरं आणून सोडायच्या. माझी रविवारची दुपारची झोप पार उडाली. एकदा असह्य झालं तेव्हा मी भांडायच्याच इराद्याने पदर खोचून गेले.

आत बघते तर खोलीच्या मधोमध फ्रिजचं भलंमोठं खोकं. त्यात सात-आठ पोरं कोंबलेली. कोणी म्हशीसारखं हंबरतंय, कोणी भुंकतंय, एकजण खेकडा झालेला. आणि उंच, सडपातळ दीनाबाई, चष्म्याची दोरी गळ्यात, पांढरं लुगडं, त्या झारीने खोक्यावर पाऊस पाडतायत. फरशीवर तळं.

"खेकड्याला कशाला घेतलंत तारवात?" मी म्हटलं. भांडायला आलेय हे मी विसरूनच गेले. "तो काय बुडणार आहे?"

"त्याला एकट्याला बाहेर ठेवलं तर रडतो तो," दीनाबाई म्हणाल्या.

"आणि एक सांगते, प्रलयात तारू बांधणारा नोहा तुमचा नाही. आमचा आहे."

"बरं झालं आलात. मग तुम्हीच सांगा," असं म्हणून त्यांनी मला वेताचा मोडा बसायला सरकवला आणि झारी हातात दिली.

तेव्हापासून मी त्या संडे स्कूलची हक्काची पाहुणी झाले. जुन्या करारातली, म्हणजे आमच्याही शास्त्रातली गोष्ट असली की मी मोड्यावर बसायची आणि मधेमधे चुका काढायची. येशूची गोष्ट सुरू झाली की मी उठून सगळ्यांसाठी चहा-सरबताचं बघायला जायची. असं काही आम्ही बोलून ठरवलं नव्हतं. त्यांनी मला कधी थांबवलं नाही आणि मीही कधी नाक मुरडलं नाही.

गोष्ट कानाने ऐकून भागत नाही, घरी जाऊन हाताने करायची, असं दीनाबाईंचं म्हणणं. प्रत्येक गोष्टीला घरचं काम, आणि ते वहीत नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं. भावांनी विकलेल्या योसेफाच्या आठवड्यात ज्या भावंडाशी भांडण झालंय त्याला आधी वाढायचं. देवाने पाठवलं तिथे जायचं टाळून पळालेल्या योनाच्या आठवड्यात आपण ज्याला टाळतोय त्याच्याकडे आपण होऊन जायचं. एका पोरीचा बाप या योनापायी वर्षभर अबोला धरलेल्या भावाकडे नेऱ्याला जाऊन आला, आणि दोघांनी मिळून अख्खा कोंबडा संपवला म्हणे.

मान्न्याच्या गोष्टीने मात्र घोटाळा केला. रानात इस्राएल लोकांना देव रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न द्यायचा, उद्यासाठी साठवून ठेवला तर त्यात किडे पडायचे, ही ती गोष्ट. तेव्हा घरचं काम काय, तर शिळं काही ठेवायचं नाही. कळंबोलीच्या एका पठ्ठ्याने शनिवारी रात्री आईचं इडलीचं पीठ, लोणच्याची बरणी, गोठवलेली कोळंबी, सगळं नेऊन गटारात ओतलं. रविवारी ती बाई रिकामं पातेलं घेऊनच जिना चढली. "टीचर, आता तुम्हीच सांगा, मी माणसांना काय घालू?"

मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. "अर्धीच गोष्ट सांगितलीत ना? शब्बाथाच्या, विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट ठेवायची मुभा होती! त्यात किडे पडले नाहीत. वाचा नीट."

दीनाबाईंनी शास्त्र उघडून वाचलं, आणि लगेच त्या बाईपुढे हात जोडले. मग स्वतःच्या फ्रिजमधलं होतं नव्हतं ते तिच्या पातेल्यात भरलं. बाई हसत गेली.

आता प्रार्थनेचा नियम सांगते. दीनाबाईंचे यजमान सदानंदराव रेल्वेत कारकून. सज्जन, वक्तशीर, आणि प्रार्थनेला बसले की उठायचं नाव नाही असे. संध्याकाळी सातला सतरंजी घालून नवरा, बायको आणि मुलगा शमुवेल एकमेकांचे हात धरून बसायचे. सदानंदराव डोळे मिटून आधी आजाऱ्यांची नावं घ्यायचे, मग नगरकडच्या नातेवाइकांची, मग रेल्वेच्या साहेबांची, मग देशाची. आणि नियम असा की आमेन होईपर्यंत कोणी उठायचं नाही, काही झालं तरी दार उघडायचं नाही. राजासमोर बसलेला माणूस दारावरच्या पोऱ्यासाठी उठतो का, असं ते म्हणायचे.

उरणकडची हिरा मासळी घेऊन यायची ती नेमकी त्याच वेळेला. पाटी खाली ठेवून दार बडवायची, मग माझ्या उंबऱ्यावर बसून कुरकुरायची. "बाय, यांचा देव बयरा हाय का गो? येवढा येल सांगाया लागतं त्याला! आमचा बरा, नारळ दिला का झाला. माजा मावरा नासल ना इथं!"

"थांब गं. देशावर आलेत आता, संपेल," मी आतून सांगायची. सगळा क्रम मला पाठ होता.

मी हसायची, पण मला त्यात वावगं वाटायचं नाही. आमच्या आजीच्या तोंडी योम किप्पूर हा शब्दच नव्हता, ती म्हणायची दारफाळणीचा सण. फाळणं म्हणजे लावून घेणं. त्या दिवशी कडक उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे आणि दारं लावून आत बसायचं. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. देवासाठी दार लावून बसणं मी लहानपणापासून बघितलेलं. ते चुकू शकतं हे मला कधी सुचलंच नाही.

शमू म्हणजे शमुवेल, त्यांचा एकुलता एक. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात हिशेबाला होता. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा. गोरापान नव्हे, देखणाही नव्हे, पण हसला की समोरच्याला हसायलाच लागायचं. त्याची एक खोड होती. बेल असूनही तो दार ठोकायचा. दोन थापा, जरा थांबून तिसरी. मी माझ्या स्वयंपाकघरातून ओळखायची, आला शमू.

विशीत त्याचं काहीतरी बिनसलं. एके संध्याकाळी म्हणाला, "आई, माझा विश्वास बसत नाही गं आता. खोटं खोटं डोळे कशाला मिटू? तुम्ही बसा, मी गच्चीवर जातो." आठवडाभर तसा गेलाही. मग सदानंदराव म्हणाले, "या घरात राहणारा सातला सतरंजीवर बसेल. नसेल बसायचं त्याला दार मोकळं आहे." मी समोरच्या घरात पोळ्या लाटत होते, मला शब्दन्शब्द ऐकू आला. शमूने बॅग भरली आणि गेला. जाताना माझ्या दारावर टकटक करून म्हणाला, "रिबेकामावशी, आईकडे बघा हं." सुरुवातीला त्याचे पुण्याहून फोन यायचे. पुढे तेही थांबले.

त्यानंतर रोजच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं. शेवटी, देशाच्याही नंतर. प्रभू, आमच्या शमुवेलला परत आण.

दोनेक वर्षं गेली असतील. मी ऑफिसातून येताना भाजी घेतली, बिल्डिंगखाली आले, तर किराणावाले कांतिभाई दुकानातून ओरडले, "रिबेकाबेन, शमू आलेला ने! भेटला के?"

"कधी?"

"अरे, आत्ताच. वर गेला ने लगेच उतरला. मी बोलला, मम्मी भेटली? तर बोलतो, प्रार्थना चालू आहे. बस. हात केला ने स्टँडकडे गेला."

मला वाटलं गेला असेल चहाबिहा प्यायला, येईल परत. मी आनंदाने जिना चढले. वर दीनाबाई दार उघडून उभ्या होत्या आणि रिकाम्या जिन्याकडे बघत होत्या. मी आपली हसत म्हटलं, "काय हो दीनाबाई, पोरगा इतक्या दिवसांनी आला, त्याला एक कप चहा पाजवेना का तुम्हाला?"

त्यांचा चेहरा मी आजपर्यंत विसरलेले नाही. त्या आत वळून सदानंदरावांना एवढंच म्हणाल्या, "तोच होता." आणि तशाच, पायात चपला न घालता, जिना उतरून धावत सुटल्या. मी पिशवी टाकून मागे. स्टँडवर आम्ही एकेक गाडी बघितली. पेणची, अलिबागची, ठाण्याची. त्या खिडक्यांना हात लावून आत वाकायच्या आणि लोक त्यांना भिकारीण समजून तोंड फिरवायचे. शमू नव्हता.

परत आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि मला सांगितलं. ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. "रिबेकाताई, थाप पडली तेव्हाच मी ओळखली. हे नेमके शमूवर आले होते. प्रभू, त्याला परत आण, असं म्हणत होते. माझा हात यांच्या हातात होता. मी ओढला. यांनी घट्ट धरला. मी तरी जोर का नाही केला हो? दारातल्या पोराला आम्ही थांबवून ठेवलं, आणि देवाला सांगत बसलो की पोराला पाठव."

सदानंदराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

नंतर शोधायचं तेवढं शोधलं. फोन बंद. गोदामातला एक म्हणाला सुरतेला आहे, दुसरा म्हणाला दुबईला गेला. पेपरात फोटो दिला. काही हाती लागलं नाही. सदानंदरावांची प्रार्थना आखूड होत गेली. आधी साहेब गळाले, मग देश गळाला, शेवटी शेवटी तर नुसतं "प्रभू" म्हणायचे आणि थांबायचे. असेच थांबले आणि एक दिवस गेले.

आणि दीनाबाई बदलल्या. संध्याकाळच्या वेळेला त्या दाराची कडी काढून ठेवायला लागल्या. प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवायच्या, नजर दारावर. पोरांच्या ते बरोबर लक्षात आलं. एकाने विचारलंच, "टीचर, आम्हाला डोळे मिटायला सांगता आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मिटा. कोणीतरी जागं राहायला हवं."

आणि गोष्टींमध्ये एक नवी गोष्ट आली. वर्षातून एकदा नाही, दर दोन-तीन महिन्यांनी. ती आमच्या करारातली नव्हती, तेव्हा रिवाजाप्रमाणे मी चहाला उठायला हवं होतं. पण पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी माझे पाय हलले नाहीत.

पेत्र नावाच्या प्रेषिताला हेरोद राजाने तुरुंगात टाकलेलं. मंडळी एका घरात जमून त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करत होती. इकडे देवदूताने पेत्राला सोडवलं. तो थेट त्या घरी आला आणि दार ठोकलं. रुदा नावाची कामवाली पोरगी बघायला गेली. तिने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली, पेत्र आलाय, पेत्र आलाय! तर आतले म्हणाले, तुला वेड लागलंय.

पोरं इथे खदखदून हसायची. "टीचर, ज्याच्यासाठी प्रेयर करतायत तोच आलाय ना! वेडे आहेत काय ते?"

"आहेतच वेडे," दीनाबाई म्हणायच्या. "मग पेत्राने काय केलं?"

"ठोकतच राहिला!" सगळी एका सुरात.

"ठोकतच राहिला," दीनाबाई म्हणायच्या. मग त्यांची नजर कडीवर जायची, आणि पोरंही, का कोण जाणे, तिकडेच बघायची.

मग खेळ व्हायचा. सगळे हात धरून डोळे मिटून बसणार, एकजण पेत्र होऊन जिन्यात जाणार आणि ठोकणार. खरी गोष्ट सांगायची तर त्या खेळात त्या गोष्टच बदलून टाकायच्या. थाप पडली की रुदाने आत पळायचं नाही, तडक कडी काढायची. आणि बाकीच्यांनी आमेन न म्हणता उठायचं. घरचं काम तेच. प्रार्थनेत दार वाजलं तर घरातल्या सगळ्यात लहानाने उठून उघडायचं. देव थांबतो रे, माणूस थांबत नाही, असं त्या सांगायच्या. आणि आठवडाभर प्रार्थनेच्या वेळी कडी लावायची नाही.

आता पनवेलात कडी न लावता कोणी बसलं तर काय होणार? कामोठ्यातल्या एका कुटुंबाच्या चपला, मिक्सर आणि बापाचा मोबाइल, सगळं प्रार्थना चालू असताना गेलं. चोराने आमेनची वाट बघितली नाही. तो बाप चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला, आणि पाळकसाहेब दीनाबाईंकडे आले. तरुण, भला माणूस. मी मोड्यावर होतेच.

"बाई, शिकवण चांगलीच आहे," ते म्हणाले, "पण निदान सेफ्टी डोअर तरी लावू द्या लोकांना."

"लावू द्या. पण आत बसणाऱ्याने उठायला हवं."

"आणि मोबाइल गेला त्याचं काय?"

"तो दुसरा मिळतो, पाळकसाहेब," दीनाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेब खाली बघायला लागले. मंडळीत सगळ्यांनाच शमूचं ठाऊक होतं. तरी तीन-चार घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. एक आई मला जिन्यात म्हणाली, "त्यांचं दुःख कळतं हो, पण आमच्या पोरीला रात्री भास होतो दार वाजल्याचा." मला तिचा राग आला. पण ती खोटं बोलत नव्हती. मलाही व्हायचा.

एकदा नोहाचा रविवार होता. सांगत मी होते. सगळे प्राणी आत गेले, नोहा गेला, त्याची बायको, मुलं, सुना गेल्या, आणि परमेश्वराने बाहेरून दार बंद केलं. स्टेफी नावाची एक छोटी होती, पुढचे दोन दात पडलेली. ती म्हणाली, "मग पाऊस आल्यावर बाहेरच्यांनी ठोकलं का?"

या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. म्हटलं, "ठोकलं असेल बाई."

"मग नोहाला ऐकू आलं?"

मी दीनाबाईंकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या, बोटं कडीवर. "आलं," त्या म्हणाल्या. "त्याला अजून ऐकू येतं." आणि त्या दिवशी गोष्ट तिथेच सोडून त्यांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. पाऊस थांबल्यावर नोहाने सोडलेलं माझं कबुतर राहिलंच.

मग आमच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट निघालं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली, पावसात गळणाऱ्या घराचं कोणाला प्रेम? दीनाबाई मात्र तयार होईनात. बिल्डरचा माणूस समजावून थकला, शेवटी माझ्याकडे आला. मी गेले तेव्हा त्या सतरंजीवर बसलेल्या.

"नवं घर मिळतंय, लिफ्ट मिळतेय, अडचण काय आहे?" मी म्हटलं.

"तो आला तर ठोकेल कुठे?"

"कांतिभाईंना पत्ता देऊन ठेवू," मी म्हटलं.

"कांतिभाईंचं दुकानही पडणारच ना, रिबेकाताई."

"मग मी सांगेन. मी आहे ना."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. माझी सत्तरी उलटलेली, त्यांची त्याहून पुढे. कोण कोणाला पुरणार होतं? शेवटी त्यांनी सही केली, पण भंगारवाले दारं-खिडक्या काढायला आले तेव्हा स्वतः समोर उभ्या राहिल्या. "हे मी नेणार. याच्यावर त्याचा हात पडलाय." भंगारवाल्याने बिजागऱ्या सांभाळून काढून दिल्या. वर त्याने खिळे कागदात बांधून हातात ठेवले.

असं ते दार कामोठ्याला गेलं. भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभं राहिलं. घरमालक आला, बघून गेला. मी नवीन पनवेलला राहायला गेले आणि रविवारी रिक्षाने जाऊ लागले. पोरांची मात्र चंगळ झाली. दोघांनी दार उभं धरायचं, पेत्राने पलीकडून ठोकायचं. आधी रुदा व्हायला कोणी तयार नसायचं, आता कडी काढायला मिळते म्हणून भांडणं.

तिथे गेल्यावर दीनाबाईंची आठवण विस्कटायला लागली. योनाला भावांनी मिसरात विकलं, असं एकदा सांगितलं. पोरं ओरडली, "टीचर, योसेफ!" त्या म्हणाल्या, "हो का? मग योना कुठे गेला?" पोरांनाच नाव विचारायच्या, "तू कोणाचा रे?" मला एकदा "ताई, तुमचं चर्च कुठलं?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी नोहाच्या बाजूची." त्यावर खूप हसल्या. सगळं चुकायचं, पण पेत्राची गोष्ट अक्षराने चुकली नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते अशाच एका संध्याकाळी. रविवार नव्हता. त्यांची भाची नगरहून येऊन राहिली होती, ती औषधं आणायला खाली गेली होती. दीनाबाई म्हणाल्या, "बसा, प्रार्थना करू." आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना डोळे मिटलेले बघत होते. बहुतेक दार समोरच होतं म्हणून असेल. त्या नावं घेऊ लागल्या. आजारी, नगरचे, रेल्वेचे साहेब, सदानंदरावांचा सगळा क्रम. मग देश. मग म्हणाल्या, "प्रभू, आमच्या शमुवेलला..."

आणि थाप पडली. दोन, जरा थांबून तिसरी.

खोटं सांगत नाही, मी ऐकली. वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललं असेल, जिन्यात कोणाचा चेंडू असेल, सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी हात ओढला. त्यांनी तो लगेच सोडला. मी उठून फ्लॅटचं दार उघडलं. बाहेर कोणी नाही. जिन्याच्या कठड्यावरून खालीही वाकून बघितलं.

वळून बघते तर दीनाबाई उठल्या होत्या. पण माझ्या मागे आल्या नव्हत्या. त्या भिंतीला टेकलेल्या हिरव्या दारापाशी गेल्या होत्या. त्यांनी कडी सरकवली, आणि दोन्ही हातांनी, होती नव्हती ती शक्ती लावून, ते जड दार भिंतीपासून वीतभर ओढून धरलं. मागे नवी पिवळट भिंत होती आणि विजेचा एक प्लग. दीनाबाई त्या फटीत बघत होत्या. मी आयुष्यात कोणाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद बघितलेला नाही.

"ये," त्या म्हणाल्या, "ये बाळा. संपली प्रार्थना."

मी धावले आणि दार त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरलं. दोघी म्हाताऱ्या तसंच धरून उभ्या राहिलो, भाची येईपर्यंत. त्याच आठवड्यात दीनाबाई गेल्या.

त्या संध्याकाळी आमेन म्हणायचं राहिलं होतं. आमच्यातही आमेनच म्हणतात, माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मी ते म्हटलं नाही.